माझ्या हातचं न खाणारी कारवान

कुत्र्यांतली चांगली जात कोणती असं मला कोणी विचारलं की मी कारवान म्हणतो. त्याच्या खालची कोणती विचारलं तर इकडचं तिकडचं बोलतो आणि पुन्हा कारवानवरच येतो. लांब तोंड, खोल छाती, अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, पोट तर असं आत गेलेलं की बघणाऱ्याला वाटावं हिला घरात उपाशी ठेवतात. पाहुणा आला की हटकून म्हणायचा, कुत्र्याला जरा खाऊ घालीत जा. बायको म्हणायची, खाऊनच अशी हाय, तुमच्यावाणी पोट सुटलं तर पळायचं कुणी.

बायको यंदा गेली, पावसाळा सरता सरता. छातीत दुखतंय म्हणाली आणि तिनं संध्याकाळ बघितली नाही. त्याच्यावर जास्त लिहायचं नाही मला. आता शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं कडुनिंब, तिथं मी आणि तिची कारवान कुत्री, दोघंच. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेत. दिवाळी झाली की आमच्याकडं ट्रक येतात आणि निम्म्या गावाला कुलपं लागतात. त्यांचं जाणं मला नवीन नाही. नवीन हे की ट्रक गेला त्या दिवसापासून कुत्रीनं खाणं सोडलं.

पलीकडच्या शेतात चुलतभावाची बायको असते. ती मला भाकरी आणून देते. ती डोळ्याला पदर लावून म्हणायची, "भाऊजी, मुकं जनावर हाय, मालकिणीसाठी झुरायलंय." जो येईल तो हेच म्हणायचा. मी म्हणायचो, झुरत असंल, पण न खाण्याचं कारण झुरणं नाही. बायको गेल्यावरही सून होती तोवर कुत्री सुनेच्या हातचं खात होती. पोटभर खात होती. ती माझ्या हातचं खात नाही एवढंच खरं कारण. आणि खात नाही ते तिला तसं शिकवलंय म्हणून.

हिच्या आधी आमच्याकडं गावठी कुत्रा होता. गावठीला लोक जात मानत नाहीत, मी मानतो. एक कान उभा एक पडलेला, अंगाचा रंग आईचा आणि शेपटीचा कुणाचा ते देव जाणे. त्याचा गुण असा की त्याला कुणी पाळावं लागत नाही, तोच माणसं पाळतो. कोणत्या दारात कधी भाकरी निघते हे त्याला मालूम असतं. आजारी पडत नाही, रुसत नाही, पावसात भिजला तर अंग झाडून मोकळा. पण तो कुणाच्याही हातचं खातो आणि पडलेलंही खातो. कुणीतरी रानडुकरांसाठी बांधावर औषध घातलेले कणकेचे गोळे ठेवले होते. आमचा कुत्रा घरी येऊन उंबऱ्यावर पडला तो उठलाच नाही. बायकोनं त्याला दारच्या लिंबाखाली पुरला आणि म्हणाली, आता कुत्रं आणीन तर असं की जे परक्याच्या हातचं खाणार नाही.

त्या वर्षी एका धनगराच्या मेंढ्या आमच्या रानात बसल्या होत्या. मेंढ्या रानात बसवल्या की लेंड्यांचं खत होतं, म्हणून आपण धनगराला धान्य द्यायचं, अशी रीत आहे. तो माझ्याच वयाचा, तेव्हापासून दोस्त. त्याच्याकडं कारवान कुत्री व्यालेली. नर पिल्लं लोकांनी नेली होती, मादी एक उरली होती, मादी कुणी नेत नाही. बायकोनं ती पदरात घेतली. धनगरीण म्हणाली, पोरगी दिली असं समजा. बायको म्हणाली, पोरगीच समजते. आणि शेवटपर्यंत तिला पोरीच म्हणायची.

आता शिकवायचं कसं. आमच्याकडं रीत आहे की परक्या माणसानं भाकरीच्या तुकड्यात तिखट घालून, वरून गुळाचं बोट लावून पिल्लाला द्यायचं. पिल्लू खातं, तोंड भाजतं, मातीत तोंड घासत गोल गोल पळतं. मग घरच्या माणसानं साधी दूधभाकर द्यायची. असं झालं की पिल्लू शिकतं. पण आखाड्यावर परका माणूस कुठून आणायचा. बायको म्हणाली, "तुमीच द्या. औषध टाकणारे सगळे बाप्येच असत्यात." मला ते पटलं. मी हिरवी मिरची कुटून तुकडे द्यायचो, कधी हातानं, कधी जमिनीवर टाकून. पिल्लू केकाटत तिच्याकडं पळायचं आणि ती त्याला मांडीवर घ्यायची. पिल्लू लवकर शिकलं, फार पक्कं शिकलं. मी बोलावलं की येणार, मी निघालो की पुढं चालणार, माझ्या पायावर डोकं ठेवून झोपणार, पण हातचं खाणार नाही. पाहुण्यांसमोर बायको मला मुद्दाम तुकडा देऊन म्हणायची, टाका बरं तिला. कुत्री तोंड फिरवायची आणि सगळे हसायचे. बायको म्हणायची, "आता चोर आला तरी भ्याव न्हाई. निस्ता ह्यांच्यावाणी दिसला पायजे."

ती होती तोवर हे हसण्यावारी होतं.

ट्रक गेल्यावर कुत्री रोज वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची आणि माघारी यायची. मी भाकर द्यायचो, ती वास घ्यायची आणि लांब जाऊन बसायची. ताटलीत ठेवून मी निघून गेलो तरी शिवायची नाही, पडलेलं खायचं नाही हेही शिकलेली. भावजयीनं दिलं तरी नाही, कुत्रीच्या लेखी तीही परकीच. शेतात एखादा उंदीर धरत असेल, पण तिचंही वय झालंय, पहिल्यासारखं पळणं नाही. कारवानचं पोट आत असतंच, पण आता मागच्या पायाची हाडं कातडीतून वर आली. पाणी तेवढं प्यायची.

मला एका जागी बसवत नव्हतं. सकाळी उठून विहिरीवर जायचो, तिथून बांधावर, बांधावरून पुन्हा घरी, घरी काही काम नाही म्हणून पुन्हा विहिरीवर. ज्वारी कमरेला आलेली, तिला बघायचं काही नव्हतं तरी बघायचो. भावजय ताट झाकून ठेवून जायची. मी दोन घास तोंडात टाकून उठायचो आणि उरलेलं कुत्रीपुढं धरायचो.

एक दिवस काहीच सुचेना म्हणून एसटी बदलत नेकनूरला साडूकडं गेलतो. त्यांच्याकडं पामेरियन आहे. हातभर कुत्रं आणि गावभर आवाज. पांढरं, कापसाच्या बोंडावाणी. असल्या कुत्र्याचा उपयोग काय असं मी आधी म्हणायचो. पण त्या घरात कुणी कुणाशी भांडून फुगून बसलं तर ते कुत्रं मधे येऊन असं काही नाचतं की फुगलेल्याला हसू येतं. हा त्याचा गुण, आणि तो लहान नाही. बायकोला ते फार आवडायचं. आम्ही गेलो की ते आधी तिच्या पदरात उडी मारायचं आणि तिच्या हातचं बिस्कीट खायचं. त्या दिवशी मी फाटकातून आत गेलो तर ते धावत आलं, माझ्या मागं रस्त्यावर गेलं, इकडं तिकडं बघितलं आणि परत येऊन माझ्यावरच भुंकायला लागलं. मेहुणीनं पान वाढलं होतं. मी म्हणालो, गाडी चुकंल, आणि आल्या पावली निघालो. गाडीला अजून लई वेळ होता. स्टँडवर फिरत राहिलो.

गावात आलो तर एका बड्या बागायतदारानं हाक मारली. त्याच्या बंगल्यापुढं आल्सेशन आहे. त्या जातीची मला खरंच किंमत आहे. कान उभे, नजर मालकाच्या डोळ्यात, बस म्हटलं की ऊन सरकलं तरी बसलेलंच. मालकानं सांगितल्याशिवाय पुढ्यातल्या अन्नाला तोंड लावत नाही. तो म्हणाला, काका, पिल्लं झालीत, घेऊन जा एक, सोबत होईल. चांगल्या मनानं म्हणाला. मी म्हणालो, नको. ह्या जातीला असा मालक लागतो ज्याला काय करायचं ते ठाऊक असतं. मला सकाळी उठून विहिरीकडं जायचं का बांधाकडं तेही कळत नाही, मी त्याला काय सांगणार.

मुलाला फोनवर कळलं होतंच. तो म्हणाला, "आबा, कावून जिवाला घोर लावून घेताव? ती म्हातारीच झाली हाय. आल्यावर तुमाला लॅब आणतो."

लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्रं, मी बघितलंय, तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात. डोळ्यांत इतकी माया की बघणाऱ्याला वाटावं आपण मागच्या जन्मी काहीतरी पुण्य केलं. लेकरानं कान ओढला तरी रागावत नाही. खाण्याला तर नाही म्हणतच नाही. कुणाच्याही हातचं, कितीही, काहीही. मी मुलाला म्हणालो, ते चोराच्या हातचं बी खाईल आणि चोराला कपाट कुठं ते बी दाखवील. तो हसला. मग म्हणाला, पण तुमच्या हातचं खाईल की.

पुढं काही दिवसांनी माझा धनगर दोस्त सिरसाळ्याकडून मेंढ्या घेऊन आला आणि भावजयीच्या रानात बसला. त्याच्याबरोबर त्याचं धनगरी कुत्रं. मोठ्या डोक्याचं, जाड केसांचं, दिसायला आळशी. त्याचा गुण ज्याला बघायचा त्यानं मेंढ्या बसताना बघावं. सगळ्या मेंढ्या बसल्याशिवाय ते बसत नाही, आणि बसलं की मेंढ्यांकडं पाठ करून बसतं. तोंड बाहेर. लांडगा येईल तो बाहेरून येईल. उगं भुंकत नाही. खायचं तेही शेवटी, मिळेल ते.

दोस्तानं माझ्या कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला, ओठ वर करून हिरड्या बघितल्या. मग लिंबाखाली बसून म्हणाला, "दुखणं काय बी न्हाई हिला. पर अशी धा-पंधरा रोज जगंल, लई तर. तुझ्या हातचं न्हाई खायची बे ती. तू तिच्या लेखी चोर हाईस."

मी म्हणालो, ते मला ठाऊक आहे, तोड सांग.

त्यानं चावलेली काडी फेकली. म्हणाला, "मला माघारी दे. माझी बायको हाय, पिल्लू असताना हिला तिनंच चारलंय, मेंढीचं दूध हाय. बाईच्या हातचं हळूहळू खाईल. उद्या येरवाळी, दिस उगवायला आमी तळ हलवणार. तवर बघ."

बोलणं बरोबर होतं. कुत्री वाचवायची तर दुसरा मार्ग मलाही दिसत नव्हता. पण ती गेली की ह्या घरात बायकोचं म्हणून हालतंचालतं काही राहत नाही. लुगडी ट्रंकेत आहेत, ताटल्या फळीवर आहेत, ती हालत नाहीत. मी त्याला हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. विहिरीवर गेलो आणि परत आलो. परत गेलो आणि परत आलो. कुत्री पहिल्या फेरीला माझ्याबरोबर आली, दुसऱ्या फेरीला वाटेत बसली.

दिवस मावळायच्या आत मी सुनेला फोन लावला. भावजयीच्या मोबाईलवरून तोंड दिसणारा लावला. सून उसाच्या फडातच होती, डोक्याला फडकं, मागं मोळ्या. मी म्हणालो, बोलावून बघ तिला, उद्या धनगर न्यायचं म्हणतोय. सुनेनं हाक मारली, ये पोरी, खा बाई. कुत्रीनं कान टवकारले. उठून आली, मोबाईलचा वास घेतला, मग मोबाईलच्या मागं जाऊन बघितलं. मागं मी होतो. भावजयीनं तुकडा पुढं केला तर ती पुन्हा जाऊन बसली.

सुनेनं मोबाईल तोंडाजवळ घेतला. मग म्हणाली, "मामा, तुमी जेवलाव का?"

मी म्हणालो, माझं काय काढतीस, तिचं सांग.

भावजय मधेच बोलली. म्हणाली, कशाचे जेवतात, ताट तसंच्या तसं माघारी येतंय.

सून सासूला आत्या म्हणायची. म्हणाली, "तेच पुसायले मी. आत्या आधी सोता तिच्यापुढं बसून खायच्या. निम्मं खाऊन झालं की मग तिला द्यायच्या. तिनं बघितलं पायजे की देणारानं बी खाल्लं. मला बी तसंच करा म्हणल्या व्हत्या. अन् हात मातीनं घासायच्या. ठेच्याला तर त्या हातच लावत न्हवत्या. घरात ठेचा तुमीच कुटायचाव ना?"

तेवढ्यात रेंज गेली.

मी तिथंच उभा राहिलो. खरंच, ते पिल्लू घरात आल्यापासून ठेचा मीच कुटत होतो. बायको सगळ्यांपुढं सांगायची, ठेचा ह्यांच्याच हातचा चांगला होतो, माझ्या हाताला ती चव न्हाई. पाहुण्यापुढं सांगायची, सुनेपुढं सांगायची. मला लई भारी वाटायचं. गावात कुणाकडं ठेचा खाल्ला तर मी नाक मुरडायचो. इतकी वर्षं मी मिरच्या कुटत होतो ते चवीसाठी नाही, तिला तिचे हात कुत्रीसाठी कोरे ठेवायचे होते. मी मोठ्यानं हसलो. भावजय घाबरून बघायला लागली. मग माझं हसणं काही नीट राहिलं नाही आणि ती मोबाईल घेऊन गुपचूप निघून गेली.

सकाळी मी चुलीतली राख घेतली आणि हात घासले. मग मातीनं घासले. मग पुन्हा राखेनं. नखांत मिरचीचा वास इतका बसलेला की जात नव्हता. भावजयीच्या शेळीचं दूध काढून आणलं, ताटात ज्वारीची भाकर कुस्करली, वरून दूध ओतलं. बायको दाराच्या डाव्या अंगाला, खांबाला टेकून बसायची. मी तिथं बसलो. कुत्री लिंबाखाली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

आधी मी घास तोंडात घोळवला आणि गिळलाच नाही. कुत्री जागची हलली नाही, तिला कळतं. मग गिळला. ठेच्याशिवाय दूधभाकर म्हणजे आजारी माणसाचं खाणं. दुसऱ्या घासाला पाय उठायला लागले. बांधावर काहीतरी बघायचं राहिलंय असं वाटायला लागलं. मी मांडी आवळून धरली. तिसरा घास घेतला. वर पाणी प्यालो आणि पुढचा घेतला.

धनगर दोस्त आला तेव्हा त्याच्या हातात दोरी होती. मला जेवताना बघून तो थांबला. दोरी मांडीखाली दाबून पायरीवर बसला. मागं त्याच्या मेंढ्या वाटेला लागल्या होत्या, घंट्या वाजत होत्या.

कुत्री उठली. आधी त्याच्याकडं गेली, मग माझ्याकडं आली. माझ्या उजव्या हाताचा वास घेतला, सावकाश, एकेका बोटाचा. शिंकली आणि माघारी फिरली. मला वाटलं, झालं. दोस्तानं दोरी बाहेर काढली. मी मान खाली घातली आणि खात राहिलो, कारण आता हात ताटातून काढायची हिंमत नव्हती. निम्मं ताट संपलं तेव्हा माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं. तिनं ताटात तोंड घातलं होतं. माझ्या हातापासून लांब, पलीकडच्या काठाला. पहिलं निस्तं दूध चाटलं. मग भाकर.

दोस्त पायरीवरून पुढं वाकला. मग म्हणाला, "ताटातलं खाल्लं बे. हातातलं न्हाई."

मी म्हणालो, हात अजून चोराचाच आहे.

"असू दे," तो म्हणाला. दोरी खांद्यावर टाकली आणि मेंढ्यांमागं गेला.

आता रोज असंच चाललंय, दोन्ही वेळा. भावजय भाकरी जास्तीच्या देते. परसातल्या मिरच्या झाडालाच लाल व्हायल्यात, मी तिला म्हणालो तोडून ने. मुलाला सांगितलं, लॅब आणू नको. तो म्हणाला, बघू. सून रोज विचारते, जेवलाव का, आणि मला कळत नाही ती कुणाचं विचारते.

माझ्या जिवाला अजून चैन नाही. ताटावर बसलो की अजून विहीर दिसते, बांध दिसतो, पाय उठायला बघतात. पण मी उठलो की ती ताटातून तोंड काढते. म्हणून तिचं होईपर्यंत बसतो.